वीसपैकी किती दोषी?

मुलाची हेळसांड झाली तर दोष आईचा, बापाचा की परिस्थितीचा, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या शेजारी, नातेवाईक, शिक्षक आणि क्वचित न्यायाधीश आपापल्या परीने सोडवत आले. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील अ‍ॅलेगेनी काउंटीत, म्हणजे पिट्सबर्ग शहर ज्या जिल्हावजा प्रशासकीय विभागात येते तेथे, ऑगस्ट २०१६ पासून या मंडळीत एका संगणकीय मॉडेलची भर पडली आहे. एखाद्या मुलाचे हाल होत असल्याचा फोन तेथील बालकल्याण विभागाच्या हेल्पलाइनवर आला की चौकशीला माणूस पाठवायचा की केवळ नोंद करून प्रकरण तेथेच थांबवायचे, हे फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याला ठरवावे लागते, आणि या निर्णयात मदत व्हावी म्हणून हे मॉडेल आणले गेले. कर्मचारी तक्रारीचा तपशील भरून कळ दाबतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. सुरुवातीच्या रचनेत तो तापमापीसारख्या उभ्या पट्टीवर दिसत असे, तळाशी हिरवा, मध्ये पिवळा आणि माथ्याशी लालभडक. एक म्हणजे सर्वांत कमी धोका, वीस म्हणजे सर्वांत जास्त. आकडा फार वर गेला तर चौकशी करणे हाच नियम ठरतो आणि ती टाळायची असेल तर वरिष्ठाला तसा निर्णय घ्यावा लागतो.

हा आकडा नेमके काय मोजतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढची चर्चा व्यर्थ आहे. मूल खरोखर मार खाते का, उपाशी राहते का, हे यंत्राला दिसत नाही. म्हणून जे थेट मोजता येत नाही त्याच्या जागी दप्तरी नोंद असलेली दुसरी एखादी गोष्ट धरावी लागते, आणि सांख्यिकीत नेहमीच्या असलेल्या या बदली मापातच सगळी मेख आहे. मूळ मॉडेल दोन भाकिते करीत असे: या कुटुंबाविरुद्ध पुन्हा तक्रार येईल का, आणि दोन वर्षांच्या आत मुलाला घरातून काढून अन्यत्र ठेवले जाईल का. यांतील पहिले भाकीत आईबापांच्या वागण्याचे नसून लोकांच्या तोंडाचे आहे, आणि दुसरे तर खुद्द विभाग काय करील याचेच आहे. वैरापोटी केलेला फोनही फोनच, आणि संशयी अधिकाऱ्याने उचलून नेलेले मूलही आकडेवारीत धोक्याचा पुरावाच. पहिले भाकीत पुढे वगळण्यात आले, दुसरे राहिले.

भाकितासाठी लागणारी माहिती काउंटीच्या एका मोठ्या संगणकीय भांडारातून येते, जे १९९९ पासून उभे राहिले आहे. तुरुंगवास, व्यसनमुक्ती, मानसोपचार आणि बालकल्याण विभागाशी पूर्वी आलेला संबंध अशा नोंदी त्यात आहेत, मात्र त्या सरकारी सेवांच्या आहेत. खासगी विम्याच्या पैशाने दारू सोडवणाऱ्या वकिलाची त्यात नोंद नसते; सरकारी दवाखान्यात त्याच उपचारासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या मजुराची असते. व्हर्जिनिया यूबँक्स यांनी २०१८ च्या ‘ऑटोमेटिंग इनइक्वॅलिटी’ या पुस्तकात नेमके यावरच बोट ठेवून, येथे गरिबीचेच पालकत्वाच्या दोषात रूपांतर होते, असे मांडले. अमेरिकेत बालकांवरील अन्यायाची जी प्रकरणे ग्राह्य धरली जातात त्यांतील बहुसंख्य मारहाणीची नसून हेळसांडीची असतात, हे येथे विसरता येत नाही. घरात पुरेसे अन्न नसणे किंवा कामावर जाताना मूल एकटे ठेवावे लागणे, यांत निष्काळजीपणा किती आणि नाइलाज किती, हे घराचा उंबरा ओलांडल्याशिवाय कळत नाही.

शिवाय हिशोब एकट्या आईचा होत नाही, घरातील इतरांच्या नोंदीही त्यात मिसळतात. वाल्या कोळ्याच्या कथेत त्याच्या पापाचा वाटा उचलायला घरचे साफ नकार देतात. या हिशोबात असा नकार द्यायची सोयच नाही, कारण एकाची जुनी नोंद घराच्या आकड्यात आपोआप उतरते.

काउंटीची बाजू मात्र पोकळ नाही. मॉडेल येण्यापूर्वीही कर्मचारी अपुऱ्या माहितीवर, घाईत आणि आपापल्या पूर्वग्रहांनिशीच निर्णय घेत होते, काही गंभीर प्रकरणे हातची सुटत होती, आणि या मॉडेलची कागदपत्रे तरी सार्वजनिक आहेत. तरीही कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी काउंटीच्याच माहितीवरून केलेला, २०२२ मध्ये गाजलेला अभ्यास बोलका आहे: केवळ मॉडेलवर विसंबले असते तर तक्रार आलेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या चौकशीची शिफारस झाली असती आणि इतर मुलांपैकी सुमारे निम्म्यांच्या, तर कर्मचारी मात्र साधारण एक तृतीयांश वेळा आकड्याशी असहमत होते. म्हणजे ज्यांच्या पूर्वग्रहाला आळा घालायचा होता, त्यांनीच यंत्राचा पक्षपात थोडा सौम्य केला. योजनेच्या समर्थकांना हे बहुधा अपेक्षित नसावे. ओरेगॉन राज्याने अशाच धर्तीवर तयार केलेले आपले साधन त्याच वर्षी बंद केले.

जबाबदारीचा गुंता याहून चिवट आहे. आकडा हा केवळ सल्ला आहे, अंतिम निर्णय माणसाचाच, असे विभाग सांगतो. पण लाल पट्टी डोळ्यांसमोर असताना प्रकरण बंद करणाऱ्या कर्मचाऱ्याचे उद्या काही चुकले तर ती चूक त्याच्या नावावर लागते, आणि पट्टीप्रमाणे वागून चूक झाली तर ती कोणाच्याच नावावर लागत नाही. अशा वेळी शहाणा कर्मचारी कोणती चूक पत्करील, हे सांगायला मॉडेल लागत नाही. आईबापांवरची जबाबदारी मात्र जराही विरळ होत नाही: दार त्यांचेच वाजते, प्रश्न त्यांनाच विचारले जातात. तो आकडा कुटुंबाला सांगितला जात नाही आणि न्यायालयासमोरही ठेवला जात नाही. यंत्राने काढलेला अंक पुरावा ठरू नये, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. पण जो आकडा कागदावर येतच नाही त्याला खोडून काढण्यासाठी वकिलाला काही बोलता येत नाही, आणि चौकशी नेमकी आपल्याच घरी का आली, या आईच्या प्रश्नाला दारात उभा असलेला अधिकारी फार तर इतकेच उत्तर देऊ शकतो की तक्रार आली होती.