रजिस्टर चालू, सॉफ्टवेअरही चालू

फाट्यावरचे कारखाने : भाग ९

पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुट मागे पडलं की घोटावडे फाटा येतो. उजवीकडचा रस्ता घोटावड्यात जातो आणि पुढे माणमार्गे हिंजवडीत निघतो. म्हणजे दिवसरात्र सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी इथून हाकेच्या अंतरावर. पण फाट्याच्या आसपास, पिरंगुट, उरवडे, भरे, कासार आंबोली या पट्ट्यातल्या मध्यम कारखान्यांची भरती अजून बरीचशी तोंडीच चालते. गेटवरच्या भरतीच्या पाटीबद्दल आणि आयटीआयच्या पोरांबद्दल मागच्या भागात लिहिलं. या वेळी त्या पाटीच्या जागी जे येऊ घातलंय त्याबद्दल, म्हणजे भरतीच्या सॉफ्टवेअरबद्दल.

आज काय होतं ते आधी पाहू. लाइनवर माणसं कमी पडली की सुपरवायझर एचआरच्या दारात उभा राहतो. "दोन हेल्पर दे रे, सोमवारपासून." एचआरचा मुलगा कंत्राटदाराला फोन लावतो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मजकूर टाकतो, सिक्युरिटी केबिनमधल्या काकांना सांगून ठेवतो. सोमवारी चार जण येतात. हातात बायोडेटा, आधारची झेरॉक्स, दोन फोटो. सुपरवायझर पाच मिनिटं बोलतो, दोघांना ठेवून घेतो. नावं रजिस्टरमध्ये चढतात, दुपारी एक्सेलमध्ये. उरलेल्या दोघांचे बायोडेटा खणात जातात आणि महिन्याभराने तशीच जागा निघाली तर ते कुणालाही सापडत नाहीत.

या शेवटच्या वाक्यापायीच सॉफ्टवेअर घेतलं जातं. मालकाचा मुलगा किंवा नवे प्लांट हेड कुठेतरी डेमो पाहून येतात. जागा मंजूर झाल्यापासून माणूस हजर होईपर्यंत सगळं एका पडद्यावर, कोणाकडे किती दिवस काय पडून आहे तेही दिसणार. कॉन्फरन्स रूममध्ये प्रोजेक्टर लागतो, विकणाऱ्या कंपनीची मुलगी दोन तास समजावून सांगते, चहा-समोसे होतात. पहिले आठ दिवस सगळे उत्साहात नोंदी करतात. महिना उलटला की सॉफ्टवेअर मालकाला दाखवण्यापुरतं उरतं आणि खरं काम पुन्हा रजिस्टरवर जातं. मग मीटिंगमध्ये ठरलेला शेरा ऐकू येतो : "आपल्या लोकांना बदल नकोच असतो."

हा शेरा मला मान्य नाही. हीच माणसं पीएफचा यूएएन काढतात, ईएसआयसीच्या साइटशी झुंजतात, फोनवरून वीजबिल भरतात. यूएएन २०१४ साली आला तेव्हाही एचआरच्या खोल्यांमधून कुरकुर होती. तो रुळला, कारण त्याच्याशिवाय पीएफचा भरणा पुढे सरकत नव्हता आणि त्याला पर्यायी वही नव्हती. भरतीच्या सॉफ्टवेअरचं नेमकं उलटं होतं. ते येतं, पण जुनं काहीच जात नाही. रजिस्टर चालू, एक्सेल चालू, ग्रुप चालू आणि वर हे. एकच नाव चार ठिकाणी लिहायची वेळ आली की माणूस त्यातलं सर्वात त्रासाचं ठिकाण सोडून देतो. त्याला आळस म्हणत नाहीत.

फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने १९८९ साली नेमकं हेच तपासलं होतं. माणसं नवी संगणकप्रणाली का वापरतात, सोपी असते म्हणून की उपयोगाची असते म्हणून? त्याच्या दोन पाहण्यांत मिळून १५२ जण होते. पहिली पाहणी आयबीएमच्या टोरांटोतल्या प्रयोगशाळेत झाली. तिथे लोकांनी स्वतः सांगितलेल्या वापराशी उपयुक्ततेचा सहसंबंध ०.६३ निघाला आणि सोपेपणाचा ०.४५. सोपेपणा लागतोच, पण 'माझं काम याने हलकं होतंय' ही खात्री त्याहून जास्त ओढते. आपल्याकडची प्रशिक्षणं मात्र बटण कुठे आहे एवढंच शिकवतात. बटण सापडतं हो. ते दाबून मला काय मिळणार, याचं उत्तर दोन तासांत कुणी देत नाही.

एचआरच्या मुलाचा या सॉफ्टवेअरवरचा संशय अनुभवातून आलेला आहे. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं, दर तिमाहीला ईआर-१ नावाचं विवरणपत्र आलं. पुढे ते महास्वयम पोर्टलवर भरायची सोय झाली. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, तिचीही नोंदणी तिथेच. कारखान्यातल्या कारकुनाला विचारा, हे भरून तुला माणूस मिळाला का? तो नुसता हसेल. वरच्यांना पाठवायचं आणखी एक पत्रक, याच खात्यात तो मालकाचं नवं सॉफ्टवेअरही टाकतो.

आता पडद्यासमोर बसू. पहिला रकाना ईमेलचा, आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हेल्परच्या जागेसाठी आलेल्या बाईंकडे ईमेल नसतो. मग एचआरचा मुलगा स्वतःच एक पत्ता उघडतो आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवतो. अशी वही जवळपास प्रत्येक ठिकाणी सापडेल. पुढे ओटीपी. रिचार्ज संपलेला, नाहीतर नंबर नवऱ्याचा आणि नवरा ड्यूटीवर. त्यानंतर नाव. दहावीच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि कित्येकींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. दोन कागदांवर दोन नावं दिसली की सॉफ्टवेअर अर्ज अडवतं किंवा एकाच बाईचे दोन उमेदवार करतं. याची दुसरी बाजूही आहे. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख टाकलेली माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. आडनाव एक, गाव एक, तारीख १ जून. दुबार अर्ज ओळखणारी यंत्रणा दोन सख्ख्या चुलत भावांना एकच माणूस समजते आणि एकाला गाळते. रजिस्टरमध्ये हा घोळ होत नव्हता, कारण लिहिणारा दोघांनाही ओळखत होता.

विकणाऱ्या कंपनीला हे सांगितलं की ती 'डेटा क्वालिटी'चा प्रश्न म्हणते. मी याला सॉफ्टवेअरचा दोष म्हणेन. ईमेलची सक्ती काढणं, आधीच्या नावाला वेगळा रकाना देणं, पडदा मराठीत करणं, फोनवर चालवणं, यातलं बरंचसं सेटिंगमध्ये होतं. फक्त ते विकत घेण्याआधी मागावं लागतं.

सुपरवायझरची अडचण वेगळी आहे आणि तिच्याबद्दल उघड बोललं जात नाही. त्याला दोन गोष्टी खुपतात. एक, 'अर्ज नऊ दिवस सुपरवायझरकडे प्रलंबित' असं लाल अक्षरात मालकाला दिसणार. दुसरी, माणूस लावायची त्याची ताकद जाणार. गावातल्या कुणाच्या पोराला चिकटवून देणं याला या पट्ट्यात फार किंमत आहे. जिथे शेतजमिनीवर कारखाने उभे राहिले तिथे नोकरी आमच्या पोरांना मिळावी ही मागणी असणारच, आणि स्थानिकांना ८० टक्के जागा हे राज्याचं जुनं धोरणही आहे. सॉफ्टवेअरमध्ये मात्र 'उमेदवार कुठून आला' यापुढे नोकरी पोर्टल, जाहिरात, प्रत्यक्ष भेट एवढेच पर्याय. सुपरवायझर ज्या ओळखीवर भरती करतो तिला तिथे जागाच नाही. मग ती ओळख पडद्यामागे चालू राहते आणि पडद्यावर 'प्रत्यक्ष भेट' असं खोटं लिहिलं जातं.

माझ्या मते ही ओळख लपवण्यापेक्षा तिचा रकाना करावा : 'कोणाच्या सांगण्यावरून आला'. सहा महिन्यांनी त्याच सॉफ्टवेअरमधून यादी काढावी, कोणाची माणसं टिकली आणि कोणाची पहिल्या पगारानंतर पसार झाली. चांगली माणसं आणणाऱ्या सुपरवायझरला ही यादी हवीशी वाटेल, कारण आजवर त्याचं श्रेय कुठेच नोंदलेलं नव्हतं. वशिल्यावर भरणाऱ्याला ती नको असेल. त्याचा विरोध निदान कशाला आहे ते तरी कळेल.

नोकरी जाण्याच्या भीतीकडे यंत्रविरोध म्हणून बोट दाखवण्याआधी आपलाच इतिहास आठवावा. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाला कडाडून विरोध केला. ऑटोमेशनच्या प्रश्नावर केंद्राने जी समिती नेमली तिचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते, तिचा अहवाल १९७२ चा. बँकांमध्ये ८ सप्टेंबर १९८३ ला इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला आणि २९ मार्च १९८७ ला संगणकीकरणाचा. यंत्रं कुठे आणि किती यावर त्यात मर्यादा होत्या, यंत्रावर काम करणाऱ्याला विशेष भत्ता होता. या करारांमुळे उशीर झाला असं म्हणणारे आहेत. पण यंत्र येण्याआधी माणसांशी बोलून लेखी काही ठरलं होतं, हे महत्त्वाचं. फाट्यावरच्या एचआरच्या मुलाला संघटना नाही, बऱ्याचदा तो स्वतःच कंत्राटावर असतो. 'हे आल्यावर मला ठेवणार का?' हा प्रश्न तो विचारत नाही, पण सॉफ्टवेअर मनापासून भरतही नाही. मालकाने उत्तर आधीच, सगळ्यांसमोर द्यावं. ठेवणार नसेल तर उत्साहाची अपेक्षाही ठेवू नये.

आणि यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असंही नाही. अ‍ॅमेझॉनने बायोडेटा चाळायला बनवलेलं एक साधन कंपनीच्या दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवर शिकलं होतं. त्या अर्जांत पुरुष जास्त, म्हणून ते बायकांना मागे टाकू लागलं. कंपनीने ते गुंडाळलं आणि २०१८ मध्ये रॉयटर्सने ही बातमी दिली. "मशीन काय माणूस ओळखणार?" असं म्हणणारा जुना फोरमन अगदीच अडाणी ठरत नाही. चाळणी यंत्राने लावली तरी गाळलेले अर्ज आठवड्यातून एकदा माणसाने पाहावेत, आणि ते काम त्या फोरमनलाच द्यावं.

बाकी वेळापत्रकाचं म्हणाल तर माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. रजिस्टर बंद करायची तारीख पहिल्या दिवशी जाहीर करा. महिनाभर दोन्ही चालू द्या, त्या महिन्यात जुन्या नोंदी चढवायला वेगळा माणूस द्या, आणि तारीख आली की रजिस्टर कपाटात कुलूपबंद. मालकानेही त्या दिवसापासून फोनवर "किती माणसं घेतली रे?" असं विचारू नये, पडदा उघडून पाहावं. साहेब स्वतः एक्सेल मागत राहिले तर खालचा माणूस एक्सेलच भरणार.

हे सॉफ्टवेअर घ्यायचं मनात असेल तर एक करा. करारावर सही करण्याआधी खणातले दहा जुने बायोडेटा काढा, हेल्परचे, ऑपरेटरचे, माहेर-सासरच्या नावांचे, १ जूनचे. तुमच्या एचआरच्या मुलाला डेमोच्या खुर्चीत बसवा आणि विक्रेत्याला मध्ये न बोलू देता ते दहा अर्ज त्याला भरू द्या. तो जिथे जिथे अडेल ते कागदावर लिहून घ्या आणि ती दुरुस्ती करारात घाला.

(पुढील भागात : कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगाराची नोंद कोणाकडे असते?)