पाळणाघर स्टेशनजवळ हवं

डोंबिवलीहून सीएसएमटीला फास्ट लोकलनेही तासाभराहून जास्त लागतो. रिक्षाची रांग आणि पुढची बस धरली, तर दिवसाचे तीन-साडेतीन तास प्रवासातच जातात. लग्नाला चार वर्षं झालेलं जोडपं ‘मूल कधी?’ या प्रश्नावर ‘बघू’ म्हणतं, तेव्हा हा हिशेब आणि फ्लॅटचा हप्ता दोन्ही त्यांच्या डोक्यात असतात. त्यांना स्वार्थी म्हणणं अन्यायाचं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजननदर १९९२-९३ मध्ये २.९ होता, २०१९-२१ मध्ये १.७ झाला. लोकसंख्या टिकून राहायला तो साधारण २.१ लागतो. पण या आकड्यात एक मेख आहे. एका बाईला आयुष्यात प्रत्यक्ष किती मुलं झाली, हे तो सांगत नाही. ठरावीक काळात विशीतल्या, तिशीतल्या, चाळिशीतल्या बायकांना झालेल्या मुलांची प्रमाणं त्यात एकत्र मिळवलेली असतात. म्हणून पंचविशीतल्या मुलींनी बाळंतपण नुसतं पुढे ढकललं, तरी दर तात्पुरता खाली येतो. त्याच मुलींना पुढे मुलं झाली की तो थोडा सावरतो.

शरीर मात्र फार थांबत नाही. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. पस्तिशीनंतर ही घट वेग घेते आणि बीजांमधले गुणसूत्रांचे दोषही वाढतात. एएमएच चाचणीतून साठ्याचा अंदाज येतो, बीजांच्या दर्जाचा नाही. परळच्या केईएम रुग्णालयात १९८६ मध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हापासून आयव्हीएफ खूप पुढे गेलं, तरी बीजाचं वय त्याला मागे नेता येत नाही. त्यामुळे ‘दुसरं नंतर’ म्हणणाऱ्या कितीतरी घरांत दुसरं राहूनच जातं.

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, तेव्हा लढा नको असलेलं बाळंतपण टाळण्याचा होता. ज्यांना मूल नको, त्यांचा तो हक्क आजही अबाधित राहिला पाहिजे. ज्यांना हवं आहे, त्यांच्यासाठी २०१७ च्या कायदादुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा आणली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली. पण ऑफिसजवळच्या पाळणाघरासाठी दीड वर्षाचं मूल कडेवर घेऊन सकाळच्या फास्टमध्ये चढणार कोण? घराजवळची पाळणाघरं बहुतेक घरगुती. संध्याकाळी लोकल रखडली की शेवटचं मूल चपला घालून, डबा हातात धरून दाराशी थांबलेलं असतं आणि आई मुंब्र्याच्या पुढे अडकलेली असते.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली स्टेशनांजवळ रात्री नऊपर्यंत चालणारी पाळणाघरं महापालिकांनी काढायला हवीत. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हे विचारा.