शिट्ट्या किती झाल्या?

कुकरशेजारीच उभे असतो, तरी शिट्ट्यांचा हिशेब चुकतो. हातातलं काम सवयीचं झालं की मेंदूतलं एक जाळं आपसूक जागं होतं: कालचं भांडण, उद्याचा हप्ता. ध्यानात मनाच्या या भटक्या वासराला श्वासाच्या खुंटीला बांधतात. ते सुटतं. सुटल्याचं लक्षात येतं, परत आणायचं. खरा व्यायाम हा परत आणण्याचाच. सुटलं म्हणजे नापास नव्हे, हे नवख्यांना कोणी सांगतच नाही!

या वाटेला बरेचजण दुखण्यापायी लागतात. पुढे विपश्यनेचे आचार्य झालेले सत्यनारायण गोएंका अर्धशिशीने बेजार होऊन १९५५ मध्ये रंगूनला ध्यानगुरू ऊ बा खिन यांच्याकडे गेले. नुसत्या डोकेदुखीसाठी शिकवायला गुरूंनी आधी नकारच दिला. त्याच गोएंकांच्या इगतपुरीच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास न्याहाळायचा असतो.