डोंगरावरचे धरण आटते तेव्हा

मे महिना उजाडला की आपल्या वृत्तपत्रांत एक छोटी चौकट दिसू लागते. कोयना इतके टक्के, जायकवाडी इतके टक्के, उजनी उणे इतके टक्के. ती चौकट वाचून आपण आभाळाकडे पाहतो आणि जूनची वाट पाहू लागतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अशी सर्वांत महत्त्वाची चौकट १ एप्रिलच्या सुमारास येते. फरक एवढाच, की त्या दिवशी सगळ्यांचे लक्ष धरणातल्या पाण्यापेक्षा सिएरा नेवाडा पर्वतरांगेवर साठलेल्या बर्फाकडे असते.

१ एप्रिल २०१५ रोजी तेथील गव्हर्नर जेरी ब्राऊन स्वतः ही मोजणी पाहायला डोंगरावर गेले. फिलिप्स स्टेशन नावाची ही मोजणीची जागा टाहो सरोवराच्या जवळ, सुमारे ६,८०० फुटांवर आहे. एप्रिलच्या आरंभी तिथे साधारण पाच फूट बर्फ असतो. त्या दिवशी ब्राऊन उभे होते ते पिवळ्या पडलेल्या गवतावर. त्या जागी ७५ वर्षांच्या एप्रिलमधील मोजणीत बर्फ अजिबात नसण्याची ही पहिलीच वेळ होती. राज्यभरचा हिमसाठा सरासरीच्या ५ टक्के भरला. त्याच दिवशी शहरांच्या पाणीवापरात २५ टक्के सक्तीच्या कपातीचा आदेश निघाला. राज्याच्या इतिहासात अशी सक्ती आधी कधी झाली नव्हती.

बर्फाला एवढे महत्त्व का, हे समजायला तेथील ऋतुचक्र पाहावे लागते. आपला पाऊस उन्हाळ्यानंतर येतो, त्यांचा हिवाळ्यात. साधारण मे ते ऑक्टोबर आभाळ कोरडे असते, आणि बदाम, द्राक्षे, टोमॅटो यांना पाणी लागते ते नेमके याच काळात. मधल्या महिन्यांत पाणी सांभाळून ठेवण्याचे काम बर्फ करतो. हिवाळ्यात पडलेला बर्फ डोंगरावर थांबतो आणि एप्रिलपासून जुलैपर्यंत हळूहळू वितळत धरणांत उतरतो. राज्याची सुमारे ३० टक्के पाण्याची गरज सरासरी वर्षात याच बर्फातून भागते. हे धरण कोणी बांधलेले नाही. त्याला भिंत नाही, दरवाजे नाहीत, गाळ काढावा लागत नाही.

मात्र या धरणातले पाणी मोजायचे कसे? नुसती खोली मोजून उपयोग नाही. ताजा, भुसभुशीत बर्फ फूटभर असला तरी वितळल्यावर त्यातून जेमतेम इंचभर पाणी निघते. तोच बर्फ दबून घट्ट झाला, तर फुटाला चार-पाच इंच. या प्रश्नाचे उत्तर ज्याने शोधले तो माणूस ना अभियंता होता, ना हवामानशास्त्रज्ञ. जेम्स चर्च हे नेवाडा विद्यापीठात लॅटिनसारख्या अभिजात भाषा शिकवणारे प्राध्यापक. हिवाळ्यात डोंगर चढण्याचा नाद होता, त्यातून ते माउंट रोझ शिखरावर जाऊ लागले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तिथे वेधशाळाही उभारली. त्या काळी टाहो सरोवराच्या पाण्यावरून भांडण होते. पातळी वाढली की काठावरची मंडळी तक्रार करत, आणि खालच्या बाजूला वीज कंपनी व शेतकरी पाण्याची वाट पाहत. वसंतात सरोवर किती चढेल हे आधी कळले, तर दरवाजे किती उघडायचे ते ठरवता आले असते.

चर्च यांनी एक लांब, पोकळ नळी तयार केली. टोकाला दाते. ती बर्फात थेट जमिनीपर्यंत फिरवत घुसवायची, आत अडकलेल्या बर्फासकट बाहेर काढायची आणि वजन करायचे. नळीचा व्यास असा नेमका ठेवला होता, की बर्फाचे वजन एक औंस भरले तर एक इंच पाणी. गणित करायची गरजच नाही. तराजूवर थेट पाण्याचे इंच वाचायचे. भाषेच्या प्राध्यापकाने केलेले हे उपकरण शंभर वर्षांनंतरही वापरात आहे. फिलिप्स स्टेशनवर कर्मचारी पायात बर्फावर चालायची जाळीदार पादत्राणे घालून जी नळी खुपसतात, ती त्याच घराण्यातली.

त्यांचा दुसरा शोध त्याहून उपयोगी ठरला. डोंगरावरच्या सगळ्या पाण्याची बेरीज करणे शक्य नाही, आणि आवश्यकही नाही. ठरावीक जागी, ठरावीक दिवशी बर्फ नेहमीच्या किती टक्के आहे ते पाहा. नदीलाही साधारण तितकेच टक्के पाणी येईल. १९२९ पासून कॅलिफोर्नियाने हीच पद्धत सरकारी पातळीवर चालवली. कोणते पीक किती एकरांवर लावायचे, कोणत्या शहराला किती पाणी द्यायचे, वीज किती मिळेल, हे सारे चार महिने आधी ठरू लागले. आपल्याकडे मोसमी पावसाच्या अंदाजावर कोणी इतका भरवसा टाकणार नाही. बर्फाचा अंदाज बरोबर येई, कारण तो अंदाज नव्हताच. ती डोंगरावर आधीच जमा झालेली शिल्लक होती.

आता ही शिल्लक दोन बाजूंनी बिघडते आहे.

पहिली बाजू २०१५ ने दाखवली. त्याआधीचा नीचांक २५ टक्क्यांचा होता, १९७७ आणि २०१४ मध्ये. यातले १९७७ हे वर्ष भयंकर कोरडे होते. उत्तर सिएरात त्या वर्षी जेवढे पर्जन्य झाले त्याहून कितीतरी अधिक २०१५ मध्ये झाले. तरीही १९७७ मध्ये २५ टक्के बर्फ होता आणि २०१५ मध्ये पाच. कारण २०१४-१५ चा हिवाळा हा कॅलिफोर्नियाच्या नोंदींतील तोवरचा सर्वांत उबदार हिवाळा ठरला. आभाळातून जे पडले ते बर्फ म्हणून पडलेच नाही, पाऊस म्हणून पडले आणि वाहून गेले.

एड्रियन हार्पोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या प्रकाराला वेगळे नाव देण्याचा आग्रह धरला. हार्पोल्ड चर्च यांच्याच विद्यापीठातले. त्यांच्या मते बर्फाचा दुष्काळ दोन प्रकारचा असतो. एक कोरडा: पर्जन्यच कमी. दुसरा उबदार: पर्जन्य पुरेसे, पण बर्फ नाही. पहिला आपल्या ओळखीचा आहे. दुसरा फसवा असतो, कारण पर्जन्यमापक पाहिला तर वर्ष ठीकठाक दिसते आणि ऑगस्टमध्ये नदी आटते.

मग हा हिवाळी पाऊस धरणात अडवायचा, असे कोणीही म्हणेल. अडचण अशी, की हिवाळा हाच तिथला पुराचा काळ. कोयनेच्या किंवा खडकवासल्याच्या अधिकाऱ्यांना ऑगस्टमध्ये जो पेच पडतो, तोच तिथे जानेवारीत पडतो. धरण भरून ठेवले आणि मोठे वादळ आले तर खालची गावे बुडतात. म्हणून जागा रिकामी ठेवावी लागते, आलेले पाणी सोडावे लागते. बर्फ असताना हा पेच सुटत होता. हिवाळाभर पाणी डोंगरावर थांबायचे आणि पुराचा धोका संपल्यावर खाली यायचे. बर्फाऐवजी पाऊस पडू लागला, की पाणी तेवढेच असूनही वापरता येणारे पाणी घटते.

ही घट केवळ कॅलिफोर्नियाची नाही. फिलिप मोट यांच्या गटाने २०१८ मध्ये पश्चिम अमेरिकेतील दीर्घ नोंदी असलेली ठिकाणे तपासली, तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक ठिकाणी हिमसाठा घटलेला आढळला. विसाव्या शतकाच्या मध्यापासूनची एकूण घट त्यांनी १५ ते ३० टक्के धरली. म्हणजे कोयनेसारखी दहाएक धरणे डोंगरावरून नाहीशी झाली.

दुसरी बाजू २०२१ मध्ये उघडी पडली, आणि मला ती अधिक काळजीची वाटते. त्या वर्षी १ एप्रिलला हिमसाठा सरासरीच्या ५९ टक्के होता. वाईट, पण २०१५ सारखा नव्हे. चर्च यांच्या हिशेबाने नद्यांना बेताचे तरी पाणी यायला हवे होते. बर्फ वितळला, भराभर वितळला, पण पाणी खाली आलेच नाही. आदल्या कोरड्या वर्षाने जमीन इतकी सुकली होती, की वितळलेले पाणी तीच पिऊन गेली. काही उबदार, कोरड्या हवेत उडाले. मे अखेरीस लक्षात आले की उत्तर कॅलिफोर्नियाच्या नद्यांबाबतचा अंदाज जवळपास सात लाख एकर-फुटांनी चुकला आहे. आपल्या भाषेत सुमारे ३० टीएमसी. पुण्याची खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे काठोकाठ भरली, तर २९ टीएमसी होतात. एवढे पाणी कागदावर वाटून झाले होते. ऑगस्टमध्ये ओरोव्हिल धरणाची पातळी इतकी खाली गेली, की तिथले जलविद्युत केंद्र सुरू झाल्यापासून प्रथमच बंद ठेवावे लागले.

म्हणजे बर्फ कमी होतोच आहे, पण बर्फावरून पाण्याचा जो हिशेब करता येत होता तोही हातातून सुटतो आहे. आता विमानातून लेसर किरण सोडून अख्ख्या खोऱ्यातील बर्फाची खोली मोजतात, जमिनीतील ओलावाही हिशेबात धरतात. याचा उपयोग होतो आहे. तरी शंभर वर्षांच्या सरासरीशी तुलना करण्याची सोय ते परत देऊ शकत नाहीत, कारण ती सरासरी ज्या हवामानाची होती ते हवामान आता नाही. २०२३ मध्ये हाच हिमसाठा एप्रिलच्या आरंभी सरासरीच्या २३७ टक्के भरला आणि शतकापूर्वी शेतीखाली गेलेले तुलारे सरोवर पुन्हा शेतांवर पसरले.

मग कोणत्या डोंगरांना धोका अधिक? डार्टमथ कॉलेजच्या अलेक्झांडर गॉटलिब आणि जस्टिन मँकिन यांनी २०२४ च्या आरंभी ‘नेचर’मध्ये उत्तर गोलार्धाचा अभ्यास मांडला. हिवाळ्याचे सरासरी तापमान उणे ८ अंश सेल्सिअसपेक्षा कमी असेल, तर एखाद्या अंशाने विशेष बिघडत नाही. हवेत बाष्प वाढून बर्फ अधिकही पडू शकतो. उणे ८ च्या वर गेले, की मात्र प्रत्येक पुढचा अंश आधीच्यापेक्षा जास्त बर्फ नेतो. कड्यावरून घसरावे तसे. आणि बर्फाच्या पाण्यावर जगणारी बहुतेक माणसे या कड्याच्या उबदार बाजूलाच राहतात.

हिमालयाचे काय? आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा हिमनद्यांची. हिमनदी ही मुदत ठेव आहे, शेकडो वर्षांची. दर हिवाळ्यात पडून उन्हाळ्यात वितळणारा बर्फ हा महिन्याचा पगार, आणि घर बरेचसे पगारावर चालते. सतलज नदीतून भाक्रा धरणात येणाऱ्या वार्षिक पाण्यात बर्फ आणि हिमनद्या मिळून सुमारे ५९ टक्के वाटा उचलतात, असे २००२ मधील एका भारतीय अभ्यासाने काढले होते. पंजाब, हरियाणा आणि राजस्थानचा गहू त्या पाण्याशी बांधलेला आहे. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेने २०२५ मध्ये जाहीर केले, की हिंदुकुश-हिमालयात जमिनीवर बर्फ टिकून राहण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होते. २३ वर्षांतील हा नीचांक, आणि घटीचे हे सलग तिसरे वर्ष. हे मोजमाप उपग्रहाचे आहे. बर्फ कुठे आणि किती दिवस होता हे त्यातून कळते, त्यात पाणी किती होते हे कळत नाही. त्यासाठी कुणीतरी नळी घेऊन वर जावे लागते, आणि चौदा-पंधरा हजार फुटांवर, हिमस्खलनाच्या वाटांवर ते सिएराइतके सोपे नाही.

लडाखच्या शेतकऱ्यांना हा हिशेब कोणी शिकवावा लागला नाही. त्यांची पेरणी एप्रिल-मे मध्ये असते. उंचावरच्या हिमनद्या वितळू लागतात त्या जूनमध्ये. मधले पाणी देणारा गावाजवळचा बर्फ कमी झाल्यावर अभियंता चेवांग नोर्फेल यांनी ओढ्यांचे पाणी बांध घालून, हिवाळ्यात गोठवून ठेवायला सुरुवात केली. २०१३-१४ च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक यांनी पाइपमधून पाणी कारंज्यासारखे उडवून बर्फाचा उंच शंकू उभारला. तो मे महिन्यापर्यंत टिकला. उन्हाला कमी पृष्ठभाग मिळावा म्हणून आकार स्तूपाचा. विजेवर चालणारा पंप नाही, फक्त उतारावरून येणारा दाब. बाकी सारे काम रात्रीची थंडी करते. हवा शून्याच्या बरीच खाली गेली, तरच उडालेले पाणी जमिनीवर पडेपर्यंत गोठते.