जवारी फोनवर कळत नाही

“पट्टी कुठली?” मिरजेच्या सतारमेकर गल्लीत फोनवर नमस्कार झाला की पहिला प्रश्न हा. काळी एक, काळी दोन म्हटलं की बहुधा पुरुषाचा तंबोरा, काळी चार किंवा पाच म्हणजे बाईंचा. भोपळा केवढा, दांडी किती लांब, तारा किती जाड, हे सगळं त्यावरून ठरतं. मग पुढची विचारपूस : पहिली तार पंचमात लावता की मध्यमात? मैफलीला न्यायचाय की घरी रियाजाला?

संपादकांना भौगोलिक मानांकनावर मजकूर हवा होता. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला ते २०२४ साली मिळालं. त्यामागचा इतिहास सगळीकडे छापून आलेला आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचं काम आटलं, फरीदसाहेबांनी वाद्यांना हात घातला आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसाला गवई अजून तिथे हजेरी लावतात. माझं लक्ष मात्र कारागिराच्या मांडीशी, लाकडाच्या भुशात पडलेल्या मोबाइलवर खिळलं.

एक फोन विंझरहून आला. राजगड-तोरण्याच्या मुलखातलं गाव. सप्ताह तोंडावर आलेला, मंडळाची जुनी वीणा तडकलेली, नवी पाहिजे. पट्टी कुठली? पलीकडे क्षणभर गप्प. “ते पेटीवाल्याला म्हाईत.” कारागिरानं पेटीवाल्याचा नंबर मागितला नाही. “माउली, रोज म्हणता तसं म्हणा की जरा.” फोनमधून खडा आवाज आला. यानं मांडीवरच्या तंबोऱ्याची तार छेडली, खुंटी पिळली, मणी सरकवला, पुन्हा छेडली आणि वहीत लिहिलं : वीणा, काळी दोन, पट्टा रुंद. पट्ट्याची गोष्ट माउलींनी काढलीच नव्हती. सप्ताहात वीणा खाली टेकवत नाहीत. पहारा बदलतो तशी ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्रंदिवस. पट्टा खांद्याला काचला तर पुढचा फोन तक्रारीचा, हे त्याला पाठ होतं.

आवाज असा फोनवरून येतो. उलट दिशेनं तंबोरा जाईल तर शपथ.

तंबोऱ्याचा जीव घोडीत. ही भोपळ्यावरच्या तबलीवर बसलेली हाडाची बुटकी पट्टी, वरून सपाट दिसणारी, प्रत्यक्षात किंचित उतरती. तार तिच्यावरून एका बिंदूतून सुटत नाही, त्या उतारावर घासत, थरथरत सुटते. तारेखाली सुताचा धागा सरकवून ती घासण्याची जागा नेमकी साधतात. त्यातून स्वरांवर स्वर उमटत राहतात, ती जवारी. तार छेडल्यावर नियमाप्रमाणे जे उपस्वर उमटूच नयेत तेही इथे कसे ऐकू येतात, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहिलं. कारागीर तार बाजूला करतो, घोडीवर कानस दोनदा फिरवतो, तार बसवतो, ऐकतो, मान हलवतो, पुन्हा तार बाजूला. पूर्वी घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर उंटाचं हाड आलं, प्लॅस्टिकही आलं.

ग्राहक म्हणतो, “जरा ऐकवा.” जुनी टेलिफोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झच वाहून न्यायची. काळी एकचा खर्ज सत्तरच्या आसपास, जोड एकशे चाळीसच्या. म्हणजे मूळ स्वर दारातच अडायचे, पण वरचे उपस्वर पोचायचे आणि कान त्यांच्यावरून खालचा षड्ज मनानंच भरून काढायचा. नव्या फोनला स्वर जास्त झेपतात, पण तो शहाणपणाही करतो. अखंड चालणारा नाद म्हणजे पंख्याची घरघर असं समजून तो दाबून टाकतो. करोनाच्या काळात ऑनलाइन शिकवणाऱ्या गायकांनी हे पुरेपूर भोगलं. मग व्हॉट्सॲपवर ध्वनिमुद्रण पाठवायचं. ते समोरचा फोनच्याच चिमुकल्या स्पीकरवर ऐकणार आणि कळवणार, “जवारी थोडी गोल करा.” गोल म्हणजे काय, हे प्रत्येक गवयाचं वेगळं.

पूर्वी गवई कारखान्यात येऊन बसत, मनासारखी जवारी लागेपर्यंत हलत नसत. ते बसणं फोननं संपवलं, आणि जवारी काढणारा नवा हात तयार व्हायचा तो त्या बसण्यातूनच. मानांकनाला यात काही करता येईल असं मला वाटत नाही. १९७९ च्या सुमारास बेंगळुरूला इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघाला, आता त्याचं ॲप झालंय. ज्या फोनवरून ऑर्डर यायची त्याच फोनमध्ये तंबोरा वाजतो, आणि तो कधी उतरत नाही.

तरीही ऑर्डरी येतात. वहीत काळी एकचे तंबोरे थांबलेले दिसले. लाकूड आहे, हाड आहे, आगाऊ रक्कमही जमा आहे. भोपळा नाही. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून, आणि पुरुषाच्या तंबोऱ्याला लागतो तेवढ्या घेराचा, जाड सालीचा, न तडकता वाळलेला भोपळा दर हंगामात हवा तितका निघत नाही. ग्राहक आठवड्याला फोन करतो : कधी मिळेल? कारागीर तारीख देत नाही. “भोपळा आला की मीच फोन करतो,” म्हणतो, आणि पुन्हा कानस उचलतो.