आधी सोफा हलवा

होम थिएटर घरी येतं तेव्हा हॉलमधल्या बाकी सगळ्या वस्तूंच्या जागा ठरून गेलेल्या असतात. टीव्ही युनिट भिंतीला ठोकलेलं, सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला, कोपऱ्यात शू रॅक. मग स्पीकर उरलेल्या जागेत जातात. दोन युनिटच्या फळीवर, दोन पडद्याच्या दांडीशेजारी छताजवळ, मधला टीव्हीखालच्या खणात, आणि सबवूफर जिथे प्लग पॉइंट असेल तिथे. महिन्याभरात तक्रार सुरू होते की आवाज मोठा आहे, पण संवाद कळत नाहीत. बहुतेकांना वाटतं, स्पीकर हलके निघाले. माझं मत वेगळं आहे. बऱ्यापैकी दर्जाचा सेट असेल तर दोष बहुधा खोलीचा आणि जागेचा असतो, आणि त्यातला मोठा भाग फुकटात सुधारता येतो. फक्त त्यासाठी सर्वांत आधी सोफा हलवायची तयारी लागते.

उदाहरणासाठी पुण्या-ठाण्याकडच्या टू बीएचके फ्लॅटमधला हॉल घेऊ. १५ फूट लांब, १० फूट रुंद. टीव्ही लांब भिंतीवर, सोफा त्याच्यासमोरच्या भिंतीला. एका टोकाला बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा, दुसऱ्या टोकाला डायनिंग टेबल आणि स्वयंपाकघराकडे जाणारी मोकळी वाट. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स.

आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. म्हणजे ४० हर्ट्‌झच्या खर्जाची एक लहर जवळपास २८ फूट लांब असते. ती या खोलीत मावतच नाही. ती भिंतीवर आपटते, परत फिरते, समोरून येणाऱ्या लहरीत मिसळते. ज्या वारंवारतेची निम्मी लहर दोन भिंतींच्या मध्ये बरोबर बसते, तिला खोली उचलून धरते. १० फुटांच्या रुंदीसाठी ती सुमारे ५७ हर्ट्‌झ, १५ फुटांच्या लांबीसाठी सुमारे ३८. बादलीतलं पाणी हिंदकळलं की कडेला उसळतं आणि मधोमध फारसं वरखाली होत नाही, तसंच इथे घडतं. भिंतीलगत त्या सुराचा दाब सर्वांत जास्त, खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य.

आता सोफा कुठे आहे ते पाहा. भिंतीला टेकलेला, म्हणजे कान जिथे दाब सर्वाधिक तिथेच. म्हणून खर्ज घुमतो, आणि त्या घुमण्याखाली पुरुषी आवाजातले शब्द गढूळ होतात. शिवाय डोक्यामागची भिंत आवाज लगेच परत फेकते आणि समोरच्या ध्वनीचा रेखीवपणा पुसट करते. सोफा फूटभर पुढे ओढला तरी फरक कळतो, दीड फूट जमलं तर उत्तम. खोलीच्या अगदी मध्यावर मात्र बसू नये, तिथे तोच खर्ज गायब होतो. हीच गोष्ट लांबीच्या दिशेलाही लागू आहे. १५ फुटांच्या बरोबर मध्ये सोफा असेल तर ३८ हर्ट्‌झच्या आसपासचा गडगडाट त्या बैठकीला पोचणारच नाही, कितीही महागडा सबवूफर आणा. टीव्ही आणि सोफा दोन्ही डायनिंगच्या बाजूला किंवा बाल्कनीच्या बाजूला दीड-दोन फूट सरकवले की हा प्रश्न बराच सुटतो. स्वयंपाकघराकडची बाजू उघडी असल्यानं लांबीच्या दिशेचे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण तत्त्व तेच राहतं.

हे कानानं पडताळायचं असेल तर तबल्याच्या एकलवादनाचं चांगलं ध्वनिमुद्रण लावा आणि फक्त डग्ग्याकडे लक्ष द्या. वादक तळहात रेटत डग्ग्यावर मींड काढतो तेव्हा सूर सलग चढत जातो. ढोलकीच्या घुमाऱ्यातही हेच. नीट बसवलेल्या खोलीत तो चढ एकसंध ऐकू येतो. बिघडलेल्या खोलीत मींड चढता चढता एका ठिकाणी एकदम फुगते, पुढच्या ठिकाणी पडते आणि पुन्हा वर येते. ते फुगणं-पडणं वादकाचं नसतं, तुमच्या भिंतींचं असतं. सोफा भिंतीला असताना एकदा ऐका, पुढे ओढून तोच तुकडा पुन्हा ऐका. मला या कामासाठी यंत्रापेक्षा डग्गा जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो नैसर्गिक कसा वाजतो हे आपल्या कानाला लहानपणापासून ठाऊक असतं.

सोफा ठरला की पुढचे दोन स्पीकर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार, ऐकणाऱ्याच्या नाकासमोरची सरळ रेषा धरली तर डावा आणि उजवा स्पीकर तिच्यापासून ३० अंशांवर हवा. म्हणजे दोन स्पीकर आणि तुमचं डोकं मिळून समभुज त्रिकोण. चित्र असेल तेव्हा २२ अंशांपर्यंत आत आणलं तरी चालतं. कोनमापक लागत नाही, मोजपट्टी पुरते. आपल्या हॉलमध्ये कानापासून स्पीकरच्या ओळीपर्यंत सरळ ७ फूट उरले असतील, तर दोन स्पीकरमधलं अंतर साडेपाच ते आठ फूट ठेवायचं. ५५ इंची टीव्ही सुमारे ४ फूट रुंद असतो, म्हणजे प्रत्येक स्पीकर त्याच्या कडेपासून पाऊण ते दोन फूट बाहेर. सोफ्यावरच्या मुख्य जागेपासून दोघांची अंतरं इंच-दोन इंचांच्या फरकात सारखी करा आणि दोघांची तोंडं बैठकीकडे वळवा. उंचीचं गणित सोपं आहे. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सव्वातीन फुटांच्या आसपास असतो, त्या पातळीला स्पीकरमधला छोटा ट्वीटर यावा. बारीक, तीव्र स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, त्यामुळे छताजवळ टांगलेल्या स्पीकरचे ‘स’ आणि ‘श’ डोक्यावरून निघून जातात.

मधल्या स्पीकरची आबाळ सर्वांत जास्त होते, आणि चित्रपटातले बहुतेक संवाद तर त्याच्यातूनच येतात. युनिटच्या खोल खणात आत ढकललेला असला तर खणाच्या बाजू त्याच्याबरोबर वाजू लागतात आणि माणसं डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटतात. मग घरातला कोणीतरी आवाज वाढवतो, पुढच्याच मिनिटाला मारामारी सुरू होते, आणि वरच्या मजल्यावरून फोन येतो. उपाय दोन मिनिटांचा आहे. स्पीकर फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढा, शक्य तर कडेच्या किंचित बाहेर, आणि पुढच्या पायांखाली रबराचे तुकडे सरकवून तोंड कानाकडे वर उचला. आजूबाजूच्या मोकळ्या जागेत वह्या, जुन्या सीडी कोंबू नका. हा आडवा स्पीकर असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यातले दोन वूफर शेजारी शेजारी असल्यानं सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्यापर्यंत त्यांचे आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि आवाजाच्या पट्टीतल्या काही भागात एकमेकांना खोडतात. घरातल्या ज्येष्ठांना संवाद ऐकायला त्रास होत असेल तर त्यांना मधली जागा द्या.

सिनेमा चालू असताना डोक्यावरचा पंखा पाचवर असेल, तर हळू आवाजातले संवाद त्याच्या घरघरीत बुडतात. हेही लक्षात घ्या आणि मगच स्पीकरला दोष द्या.

मागचे दोन स्पीकर १०० ते १२० अंशांवर, म्हणजे खांद्याच्या रेषेच्या जरा मागे हवेत. आपल्या हॉलमध्ये अडचण अशी की सोफ्याच्या एका बाजूला बाल्कनीचा काचेचा दरवाजा आहे आणि दुसऱ्या बाजूला डायनिंगची वाट. अशा वेळी एक काचेजवळ आणि दुसरा कुठेतरी लांब, असं करू नये. दोन्ही स्टँडवर सोफ्याच्या टोकांशी, थोडे मागे ठेवावेत, किंवा दोन्ही मागच्या भिंतीवर जितके लांब जमतील तितके, कानाच्या दीड-दोन फूट वर, तोंडं सरळ कानात न येता समोरासमोर राहतील अशी. पावसाचा किंवा गर्दीचा आवाज आला की तो सगळीकडून आल्यासारखा वाटला पाहिजे. एक स्पीकर वाजतोय असं बोट दाखवता आलं तर तो फार जवळ आहे.

जवळ असण्याचा आणखी एक परिणाम आहे. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात दाखवून दिलं की एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या मिलिसेकंदांच्या फरकानं आला, तर मेंदू त्याचे दोन आवाज करत नाही. जो आधी पोचला त्याच्या दिशेनं सगळा आवाज आला असं तो धरतो. मागचे स्पीकर ३ फुटांवर आणि पुढचे ८ फुटांवर असतील, तर मागचा आवाज सुमारे साडेचार मिलिसेकंद आधी पोचतो आणि चित्र समोर असताना लक्ष मागे ओढलं जातं. रिसीव्हरच्या मेन्यूमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर भरायची जागा असते ती याच्यासाठी. अंतर खरं भरलं की रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढा वेळ थांबवून ठेवतो.

सबवूफरचा प्लग पॉइंटशी काही संबंध नसावा. गरज पडली तर एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. कोपऱ्यात ठेवला तर तो सर्वांत मोठ्यानं वाजतो, पण खोलीचे सगळे घुमणारे सूरही तिथूनच सर्वांत जोरात जागे होतात. योग्य जागा शोधायची एक जुनी, थोडी दमवणारी आणि अगदी खात्रीची रीत आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या नेहमीच्या जागेवर ठेवा. खर्जाचा चढता-उतरता तुकडा लावून द्या. मग गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेनं फिरा, कान जमिनीपासून फूटभर उंचीवर. कुठे नुसती घूं घूं ऐकू येईल, कुठे खर्ज आहे की नाही असं वाटेल, आणि एखाद्या ठिकाणी प्रत्येक सूर सुटा, सारख्या जोराचा ऐकू येईल. सबवूफर तिथे ठेवा. आवाज देणारा आणि ऐकणारा यांच्या जागांची अदलाबदल केली तरी खोलीचं वागणं बदलत नाही, म्हणून ही युक्ती लागू पडते. घरच्यांना आधी सांगून ठेवा आणि टाइल्सवर गुडघ्यांखाली उशी घ्या.

खर्ज भिंतीत अडत नाही, स्लॅबमधून खाली-वर जातो. सबवूफरखाली जाड रबर किंवा फोमचा पॅड घातला तर थरथर थोडी कमी होते, हवेतून जाणारा खर्ज मात्र तसाच जातो. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्रीच्या सिनेमाला सबवूफर खाली आणणं हेच शेजाऱ्यांच्या झोपेसाठी योग्य.

आता खोलीच्या कडक पृष्ठभागांकडे. हॉलच्या मध्ये उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. मागोमाग बारीक झणझणाट आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. हार्वर्डमधल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात साडेपाच सेकंद प्रतिध्वनी रेंगाळायचा आणि वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळायचे. १८९५ पासून वॉलेस सबाइन यांनी त्यावर काम केलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या ते रात्री तिथे नेऊन मांडायचे, ऑर्गनची नळी वाजवायचे आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. आपल्या हॉलमध्ये त्या गाद्यांचं काम जाड गालिचा, चुण्यांचा भरघोस पडदा, कापडी सोफा आणि भरलेलं पुस्तकांचं कपाट करतं. कुठे काय हवं हे आरसा सांगतो. तुम्ही सोफ्यावर बसा, दुसऱ्या कुणाला बाजूच्या भिंतीवर आरसा धरून सरकवत न्यायला सांगा. ज्या ठिकाणी आरशात पुढचा स्पीकर दिसेल, तिथून आवाज उसळून तुमच्यापर्यंत येतो. आपल्या हॉलमध्ये ती जागा बहुधा बाल्कनीच्या काचेवर सापडेल. सिनेमा लावताना पडदा ओढून घेतला की काम झालं. पडद्यानं तीव्र आणि मधले स्वर शोषले जातात, खर्ज नाही. खर्जासाठी सोफा आणि सबवूफर हेच उपाय.

वायरींची लाल-काळी टोकं एकदा तपासा. पुढच्या दोनपैकी एकाची उलटी लागली असेल तर खर्ज पातळ होतो आणि मधोमध यायला हवा तो गायकाचा आवाज कुठूनच आल्यासारखा वाटत नाही.

हे सगळं झाल्यावर, शेवटी, रिसीव्हरसोबत आलेला मायक्रोफोन जोडा. तो हातात धरू नका किंवा सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. कॅमेऱ्याच्या तिवईवर कानाच्या उंचीला लावा, पंखा बंद करा, घरातल्यांना पाच मिनिटं गप्प बसायला सांगा. मोजणी झाली की त्यानं नोंदवलेली अंतरं वाचा. स्पीकरची अंतरं मोजपट्टीशी जुळली पाहिजेत. सबवूफर ६ फुटांवर असताना रिसीव्हर १० किंवा ११ फूट दाखवेल. सबवूफरमधल्या फिल्टर आणि इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाज निघायला जो उशीर होतो, तो रिसीव्हर अंतर समजून त्यात धरतो. तो आकडा चुकीचा समजून दुरुस्त करू नका.