चप्पल कोल्हापुरी, पण कोणाची?

विषय कोल्हापुरी चपलेचा आहे, पण सुरुवात एका चटईपासून करतो. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर बायका केवड्याच्या जातीच्या झाडाची पानं वाळवून, अगदी बारीक पट्ट्या काढून चटई विणतात. एकेका चटईला कित्येक महिने जातात. आणि ती बसायला नसतेच! लग्नात, मयतात, मानाची पदवी देताना ती द्यायची. 2019 साली युनेस्कोनं या विणकामाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याच वर्षी आपल्या चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळाल्याची बातमी आली.

दोन्हीकडे हातकामच. फरक एवढाच, की तिथं चटईला मान आहे तसा विणणारीलाही आहे. आपल्याकडे चप्पल पायात मिरवली आणि ती करणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी 1902 साली मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या, तिथली ही गोष्ट आहे. म्हणून 'कोल्हापूरची ओळख' हे शब्द मी जरा जपून वापरतो.

आता चप्पल होते कशी ते बघू. आधी कातडं कमवायचं. परंपरेनं हे काम ढोर समाजाचं आणि चप्पल बांधायचं चर्मकार समाजाचं. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, मग कातड्याचीच पिशवी शिवून टांगायची आणि तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचं पाणी भरायचं. ते पाणी हळूहळू कातड्यात मुरतं. क्रोमसारखं रसायन नाही, म्हणून रंग तो मातकट-पिवळसर येतो. मग रापीनं तळ कापायचा, थर कुटून बसवायचे, दोन्ही बाजूंना कान लावायचे, वर पट्टा, अंगठा. अस्सल चपलेत खिळा नसतो. शिलाईसुद्धा चामड्याच्याच वादीची. पट्ट्यावरची वेणी घालायचं काम बहुतेक घरांत बायकांचं. दुकानात मात्र या बाया दिसत नाहीत, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. कागल तालुक्यातल्या कापशी गावावरून 'कापशी' हा प्रकार ओळखला जातो. पुकरी, बक्कलनाली, कचकडी असे आणखीही प्रकार आहेत.

आता जीआयबद्दल एक गैरसमज. अनेकांना वाटतं, मानांकन मिळालं म्हणजे नक्कल बंद. तसं नाही. हा कायदा मुख्यतः नावाचं रक्षण करतो. दुसरीकडे कुठंतरी केलेली चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकता येत नाही. पण नाव न घेता तसाच घाट उचलला तर? 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं नेमकं तेच केलं. अंगठ्याची चप्पल दाखवली, कोल्हापूरचा उल्लेख नाही. इकडे गदारोळ झाल्यावर महाराष्ट्र चेंबरला पाठवलेल्या पत्रात कंपनीनं प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलैत फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक तुम्ही नाही, असं याचिकाकर्त्यांना सुनावण्यात आलं.

मग मालक कोण? दोन सरकारी महामंडळं: आपलं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर. कारण हे मानांकन दोन्ही राज्यांचं मिळून आहे. आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कोल्हापूरकरांना हे ऐकायला आवडत नाही, मला माहीत आहे! पण अथणीसारख्या गावांत पिढ्यान् पिढ्या हेच काम चाललंय आणि तिथला बराच माल आपल्या दुकानांतून विकला जातो. सीमेचा वाद हातांनी कधी पाळला नाही.

कारागिराला यातून काय मिळतं? त्यानं स्वतः 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी केली तरच हे नाव कायद्यानं त्याचं. त्यासाठी कागद हवेत, वेळ हवा, आणि सुभाषनगरात रोजच्या नगावर पैसे घेणाऱ्या माणसाचा एक दिवस बुडाला तर त्या दिवसाचे पैसे बुडाले. शिवाय 2015 च्या कायद्यानं राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्याचा कातड्याच्या पुरवठ्यावर परिणाम झाला. म्हशीचं कातडं मिळतं, पण कमावणारे हात कमी झाले, त्यामुळे बराच माल बाहेरून, चेन्नईकडून येतो.

लोक म्हणतात, नवी पोरं धंद्यात राहत नाहीत, कला मरेल. बरोबर. पण ज्या कामाबरोबर जात चिकटवली आणि पैसाही धड दिला नाही, ते काम पोरानं वारसा म्हणून का सांभाळावं? शिकून नोकरीला गेला तर त्यात आपण हळहळायचं काय?

2025 च्या डिसेंबरात प्राडानं या दोन महामंडळांशी करार केला. महाराष्ट्र-कर्नाटकात सुमारे 2,000 जोड तयार करून घ्यायचे, जोडाची किंमत 800 युरोच्या आसपास, असं जाहीर झालं. सोबत कारागिरांना प्रशिक्षण देण्याचीही बोलणी आहेत. आता या 800 युरोंतले वेणी घालणाऱ्या बाईच्या हातात किती पडतात, हे मला बघायचंय. प्रश्न विचारा आता.